मुलीची संध्याकाळ कोणाची?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून एक जुनीच चर्चा नव्या जोमाने सुरू झाली. एक बाजू म्हणते, आता मुलींना खेळायला अडथळा तरी कुठला उरलाय? ज्यांच्यात दम आहे त्या पुढे येतातच. दुसरी बाजू म्हणते, शहरातल्या चार मुलींचं सोडा, खेड्यापाड्यातल्या आईबापांची मानसिकता अजून मागासलेली आहे. ती बदलल्याशिवाय काही व्हायचं नाही. नाशिकमध्ये शाळांच्या स्टाफरूमपासून गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकपर्यंत ही दोन्ही मतं कानावर येतात आणि मला दोन्ही सारखीच निरुपयोगी वाटतात. पहिल्या बाजूला अडथळा दिसतच नाही. दुसरीला दिसतो, पण तो आईबापांच्या डोक्यात ढकलून दिला की शाळा, क्रीडा खातं, महापालिका, एसटी, सगळे मोकळे. ‘मानसिकता बदलली पाहिजे’ असं म्हणणाऱ्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही.

माझं म्हणणं असं की मुलींच्या खेळाला आडवी येणारी संस्कृती विचारांत कमी आणि वेळापत्रकात जास्त असते. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दोन तास मुलाचे स्वतःचे असतात. मुलीचे ते दोन तास घराचे असतात. पाणी भरायचं, भांडी घासायची, धाकट्याला सांभाळायचं, आई शेतावरून किंवा कंपनीतून येईपर्यंत कणीक मळून ठेवायची. मुलगा सहाला घरी आला नाही तर ‘खेळत असेल’ म्हणतात. मुलगी आली नाही तर शोधायला निघतात. कपडे, रंग, लग्न, सुरक्षितता हे सगळे मुद्दे खरे असोत की खोटे, बहुतेक वेळा ते या दोन तासांच्या मालकीची राखण करतात. म्हणून वाद घालायचाच असेल तर मुलीची संध्याकाळ कोणाची, यावर घालू या.

मुलीच्या अंगाला कष्ट झेपत नाहीत, हे आपल्या समाजानं कधीच मानलेलं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जाऊन पाहा. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका-मुली मांडवाखाली दिवसभर हात वर धरून डिपिंग-थिनिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं आणि मणी विरळ करणं, करत असतात. मोठमोठ्या मर्दांचे खांदे तासाभरात भरून येतील असं ते काम आहे. चैत्रात खानदेशातून वणीच्या गडाला बायका रणरणत्या उन्हात पायी येतात, कित्येक अनवाणी. तेव्हा उन्हानं रंग काळवंडेल, पाय खराब होतील, पुढे मूल होताना त्रास होईल, असं कुणी म्हणत नाही. तीच बाई, तेच ऊन, तेवढंच अंतर. पण चौदा वर्षांची मुलगी त्याच रस्त्यावर घड्याळ लावून पळाली की या सगळ्या काळज्या एकदम जाग्या होतात. कष्ट घरासाठी चालतात, मालकासाठी चालतात, देवासाठी चालतात. आक्षेप येतो तो तिनं स्वतःसाठी घाम गाळण्याला.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना मैदानी स्पर्धांत पहिल्यांदा जागा मिळाली. ८०० मीटरच्या शर्यतीत जर्मनीच्या लीना राडकेनं विश्वविक्रम केला. अंतिम रेषेपाशी काहीजणी दमून बसल्या, जशा पुरुषांच्या शर्यतीतही बसतात. वृत्तपत्रांनी मात्र धावपटू कोसळल्याच्या भडक बातम्या छापल्या. मग हे अंतर स्त्रीच्या प्रकृतीला घातक असल्याचं ठरलं आणि शर्यतच काढून टाकली. ती परत यायला १९६० चं रोम ऑलिंपिक उजाडावं लागलं. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली. ज्या काळात युरोपातल्या गिरण्यांत आणि शेतांत बायका दहा-दहा तास राबत होत्या, त्याच काळात दोन-अडीच मिनिटांच्या धावण्यानं त्यांच्या प्रकृतीची चिंता वाटू लागावी, याचा अर्थ काय लावायचा? आणि ताकदीचा प्रश्न खरोखरच ताकदीचा असता तर बुद्धिबळात तो यायलाच नको होता. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय वर्षं तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तर केवढा गदारोळ झाला! प्रकरण न्यायालयापर्यंत आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स ऑयवे यांच्यापर्यंत गेलं आणि मुलींना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा त्यांना द्यावा लागला. पटावर कसली आली शारीरिक ताकद?

आता नाशिककरांना सगळ्यात प्रिय असलेल्या कथेकडे येतो, कारण या चर्चेत तिचाच सर्वात जास्त गैरवापर होतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार. भाषणांतून ही कथा अशी सांगतात: डोंगरातून पाणी आणायला अनवाणी पळायची, म्हणून एवढी मोठी धावपटू झाली. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि मुद्दा हातातून निसटतो. हरसूल-पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पिढ्यान् पिढ्या हजारो मुली डोंगरातून पाणी वाहत आल्या आहेत. त्या सगळ्या धावपटू का झाल्या नाहीत? कविता धावपटू झाली ती नाशिकला येऊन भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली रीतसर सराव मिळाला म्हणून. म्हणजे ज्या वेळात डोक्यावर हंडा असायचा त्या वेळात पायात बूट आले म्हणून. पुढे नाशिकमध्ये तयार झालेल्या धावपटू संजीवनी जाधव, मोनिका आथरे यांचीही गोष्ट प्रशिक्षक, मैदान आणि सरावाच्या मोकळ्या तासांचीच आहे. पाण्याच्या हंड्याला प्रशिक्षणाचं श्रेय देणं म्हणजे जे ओझं उतरवायचं, त्याचीच आरती करणं.

हे ओझं रोज कसं दिसतं ते सांगतो. पावसाळा ओसरला की शालेय क्रीडास्पर्धा सुरू होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट, तालुक्याहून जिल्हा, तिथून विभाग, मग राज्य. अशा एका तालुकास्तरीय स्पर्धेत मी दिवसभर बसलो होतो. दोनशे मीटरच्या मुली मैदानावर आल्या त्या शॉर्टवर ट्रॅक पँट घालून. पंचांनी नावं पुकारली, मुली रेषेपर्यंत गेल्या, तिथं ट्रॅक पँट काढून मैत्रिणीच्या हातात दिली, पळाल्या, आणि शर्यत संपली तशी धाप टाकतच पुन्हा पँट चढवायला वाकल्या. निकाल ऐकायला एकही उभी राहिली नाही, आधी पँट. दुपारी त्यातल्या एकीला पाण्याची बाटली पुढे केली तर तिनं मान हलवली. तिच्या बाई म्हणाल्या, सकाळपासून पाणी पीत नाहीये, इथल्या संडासाला आतून कडी नाही. भर उन्हात तीन फेऱ्या पळायच्या आणि पाणी प्यायचं नाही! पाळीच्या दिवसांत अशा मैदानावर कोण येईल? नाही आली तर आपण नोंद करणार: ‘गैरहजर’. पुढे म्हणणार, मुलींनाच आवड नसते.

आवडीचं हे कारण मी गंभीरपणे घेतो, कारण ते प्रामाणिक शिक्षकही देतात. सातवीपर्यंत खो-खोच्या संघासाठी मुली मागे लागतात, नववीत बोलावून आणाव्या लागतात, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. पण आवड दोन वर्षांत कुठे जाते? नववी म्हणजे नेमकं ते वय, जेव्हा घरातलं अर्धं काम तिच्याकडे येतं, पाळी सुरू झालेली असते आणि शेजारीपाजारी तिच्याकडे पाहून पुढचा विचार करू लागतात. रोज सरावाची परवानगी मागून रोज नकार ऐकण्यापेक्षा ‘मला नाही आवडत’ म्हणणं सोपं असतं. शाळेतल्या गणिताबद्दल आपण आवडीचा प्रश्न विचारतो का? पी.टी.चा तास दहावीच्या सिलॅबससाठी काढून घेतात तेव्हा तो कोणाच्या आवडीनं काढून घेतात?

आता विरोधी बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा: सुरक्षितता. अंधार पडल्यावर मुलीला एकटीनं मैदानावरून परत येऊ न देणाऱ्या बापाला मागास म्हणण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. २०२३ साली देशासाठी पदकं आणलेल्या महिला कुस्तीगिरांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, हे त्या बापानं टीव्हीवर पाहिलेलं आहे. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या मुलीची ही गत, तर माझ्या पोरीचं कोण ऐकणार, हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. माझा मतभेद पुढच्या पायरीवर आहे. धोका मैदानावर असेल तर मुलगी घरी का बसावी? धोका हटवायची जबाबदारी मैदानाच्या मालकाची आहे. दिवे, महिला प्रशिक्षक, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह, तक्रार कुठे करायची त्याचा ठळक फलक आणि तक्रार केल्यावर संघातून नाव कापलं जाणार नाही याची हमी. यातलं काहीही बापाच्या मानसिकतेवर अवलंबून नाही. आपण मात्र सुरक्षिततेची सगळी किंमत मुलीच्या वेळातून वसूल करतो आणि वर तिच्या बापालाच मागासलेला ठरवतो.

याच गोदाकाठी आपण वेगळं करून दाखवलेलं आहे. सिंहस्थात लाखो बायका रामकुंडावर चारचौघांत स्नान करतात. ओल्या साड्यांनी, परक्या पुरुषांच्या गर्दीत. संस्कृती बुडाल्याची ओरड कोणी करत नाही, कारण तिथं सोय केलेली असते: वस्त्रांतरगृह, फिरती स्वच्छतागृहं, रात्रभर उजेड, महिला पोलीस. २०२७ च्या सिंहस्थासाठी आताही शहरभर कामं चालू आहेत. बायकांनी उघड्यावर यायला प्रशासनाची हरकत नसते आणि समाजाचीही नसते, हे या शहराला दर बारा वर्षांनी कळतं. मग हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा तालुक्याच्या मैदानावर तेवढीच सोय करायला आधी कोणाचं मतपरिवर्तन व्हावं लागतं?

दुसरा मुद्दा पोटापाण्याचा. खेळून काय होणार, हा प्रश्न गरीब घरात अगदी रास्त आहे. हजारांत एखादी कविता होते. बाकीच्यांच्या हाती प्रमाणपत्रं आणि मोडलेला गुडघा. पण हे मुलांनाही तितकंच लागू आहे आणि तरी मुलाला ‘होईल काहीतरी’ म्हणून दोन-चार वर्षं दिली जातात. या मुद्द्यावर बरेचजण हरियाणाचं उदाहरण देतात: तिथला समाज इतका कर्मठ, तरी तिथल्या मुली कुस्तीत पुढे, म्हणजे संस्कृती आड येत नाही. मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे फक्त ८३४ मुली होत्या. मुलगी नकोशी असलेल्या त्या समाजाचं मन काही आखाड्यामुळे पालटलं नव्हतं. बदललं ते गणित. पदक आणलं की सरकारी नोकरी आणि रोख बक्षीस मिळतं हे लोकांना दिसू लागलं, गावात आखाडा होता, आणि मुलीचा तिथला वेळ घराला वाया गेलेला वाटेनासा झाला. आपल्या राज्यातही खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे. पाड्यावरच्या किती आयांना हे कोणी समजावून सांगितलंय? मानसिकतेवर व्याख्यान देण्यापेक्षा ही माहिती दारात जाऊन दिली तर जास्त मुली मैदानावर येतील. (आणि महाराष्ट्रानं हरियाणाकडे बोट दाखवताना सांभाळून दाखवावं. त्याच जनगणनेत आपला आकडा ८९४ होता.)

तिसरा मुद्दा मला स्वतःला जवळचा आहे. काही जाणती माणसं म्हणतात, आपली परंपरा मुलींच्या खेळाच्या विरोधात कधी नव्हती, मंगळागौर पाहा. खरं आहे. फुगडी, पिंगा, लाट्या बाया फू, साळुंकी. रात्रभर हे खेळ खेळणाऱ्या बायकांचा दमसास आणि तोल पाहिला की आजच्या जिमनॅस्टिक्सच्या मुलींची आठवण येते. ही परंपरा मला अभिमानाची वाटते आणि शाळांनी ती मैदानावर आणावी असंही वाटतं. पण हे खेळ कुठे आणि कधी चालायचे तेही बघू या. घराच्या आत, बायका-बायकांत, श्रावणातल्या मंगळवारी, सणाचा भाग म्हणून. स्वयंपाक आणि पूजा उरकल्यावर उरलेली रात्र. बाईच्या शरीराला परंपरेनं खेळ दिला, स्वतःची रोजची वेळ दिली नाही. आपल्याला परंपरेत जी भर घालायची आहे ती एवढीच.

मग मन आधी बदलतं की व्यवस्था? नाशिकला हा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासोबत बायकाही मोठ्या संख्येनं होत्या. सत्याग्रह पाच वर्षं चालला आणि दारं उघडली नाहीत. सनातन्यांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहायला सांगणारे सज्जन तेव्हाही पुष्कळ होते. शेवटी १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. दोन्ही अन्याय एका मापाचे आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. सार्वजनिक जागेचा हक्क लोकांची मनं मऊ होईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचं आहे. खुद्द खेळातला दाखला हवा असेल तर अमेरिकेचा घ्या. १९७२ साली तिथं टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे-मुली असा भेद करता येईना. त्याआधीच्या वर्षी तिथल्या हायस्कूल संघांत तीन लाखांहूनही कमी मुली खेळत होत्या. सहा वर्षांत तो आकडा वीस लाखांवर गेला. एवढ्या काळात कोट्यवधी अमेरिकन आईबापांचे विचार पालटले असतील यावर माझा विश्वास नाही. शाळांना मुलींचे संघ काढावे लागले आणि मुली खेळायला आल्या. आवड होतीच.

आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाचंही हेच झालं. १८४८ मध्ये सावित्रीबाईंनी पुण्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा अंगावर शेण-दगड येत होते; त्या लोकांची मनं वळेपर्यंत थांबल्या असत्या तर शाळा उघडलीच नसती. अगदी अलीकडचं सांगायचं तर आदिवासी तालुक्यांत पाचवीनंतर मुली गळायच्या, कारण हायस्कूल लांब होतं. तिथं मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठी फुकट सुरू झाल्या आणि जे आईबाप ‘मोठी पोर लांब कशाला पाठवायची’ म्हणत होते, तेच सकाळी फाट्यावर पोरीला बसमध्ये बसवून देऊ लागले. पोर डोळ्यांसमोर बसमध्ये चढते, ठरल्या वेळी उतरते, सोबत गावातल्या दहा मुली. भीतीचं कारण गेलं, भीती गेली.

पण तीच निळी बस आज मुलींच्या खेळाच्या आड उभी आहे. ती शाळा सुटली की निघते, आणि सराव शाळा सुटल्यावर सुरू होतो. बस चुकली तर दहा किलोमीटर चालत जायचं किंवा वडाप शोधायची, म्हणून पाड्यावरची मुलगी सरावाला थांबतच नाही. संघात उरतात त्या शाळेच्या गावात राहणाऱ्या मुली आणि सायकल-मोटरसायकल असलेले मुलगे. यात कोणाची मानसिकता आली? कुठल्या बापानं नाही म्हटलं? त्याला तर कोणी विचारलंच नाही. सराव शाळेच्या वेळात घ्या. आठवड्यातले तीन दिवस शेवटचे दोन तास मैदानाचे, मुलींना सक्तीचे, आणि ते तास दुसऱ्या विषयाला द्यायला मुख्याध्यापकालाही मुभा नको. शाळेच्या वेळेत मुलगी खेळली तर घराच्या संध्याकाळीतून काही जात नाही आणि कोणाकडे परवानगी मागावी लागत नाही. ज्या मुली पुढे जिल्ह्याला खेळणार आहेत त्यांच्यासाठी दीड तास उशिरानं सुटणारी एक फेरी हवी. शिक्षण हक्क कायदा २००९ नं प्रत्येक शाळेला मैदान सांगितलेलं आहे. त्या मैदानावर मुलींचे तास किती, हेही तपासणीच्या फॉर्मवर एका रकान्यात विचारायला हवं.

जून महिन्यात शाळांची नवी वेळापत्रकं लागतात आणि एसटीच्या शालेय फेऱ्याही साधारण तेव्हाच ठरतात. दोन्ही कागद नाशिकमध्येच तयार होतात, जिल्हा परिषदेत आणि विभाग नियंत्रकांच्या कार्यालयात. शाळा व्यवस्थापन समितीच्या मे महिन्याच्या बैठकीत मुलींच्या आयांनी ही मागणी लेखी द्यावी, आणि विश्वचषकाच्या रात्री फटाके वाजवलेल्या आपण सगळ्यांनी त्या अर्जावर त्यांच्यासोबत सह्या कराव्यात.